विमा प्रमाणपत्र : मालासोबत जाणारा कागद

तमिळनाडूतील कुंभकोणम शहराजवळ, कावेरीच्या परिसरात, स्वामीमलै हे गाव आहे. चोळ राजांच्या काळापासून चालत आलेली ओतीव धातुमूर्तींची कला येथील स्थपतींनी जतन केली आहे. प्रथम मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळमातीचे लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही. म्हणून प्रवासात एखाद्या मूर्तीची प्रभावळ वाकली किंवा बोटे मोडली, तर त्याच साच्यातून दुसरी मूर्ती काढता येत नाही.

अशी मूर्ती परदेशी निघते, तेव्हा तिच्याबरोबर विमा प्रमाणपत्रही निघते. या कागदाविषयी व्यापाऱ्यांतही बराच गैरसमज आढळतो. प्रमाणपत्र म्हणजे विम्याचा करार नव्हे. करार पॉलिसीत असतो. वरचेवर माल पाठवणारा व्यापारी दर खेपेस नवी पॉलिसी घेत नाही. तो विमा कंपनीशी एकदाच खुला करार करतो आणि प्रत्येक खेपेची माहिती तिला कळवतो. त्या खेपेपुरता पुरावा म्हणून कंपनी प्रमाणपत्र देते. त्यावर मालाचे वर्णन, जहाज, मार्ग व विम्याची रक्कम असते. अटींचा मात्र बहुधा केवळ नामोल्लेख असतो. जुन्या भारतीय व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे देय होत. व्यवहार आणि जोखीम दोन्ही एकाच कागदावर असत. आजचा कागद दुसऱ्या कागदाच्या आधाराने उभा असतो.

समजा, स्वामीमलैच्या एका कारागिराने सिंगापूरच्या ग्राहकाला मूर्ती विकली आणि किमतीत विमा व जहाजभाडे धरले. व्यापारी भाषेत यास ‘सीआयएफ’ विक्री म्हणतात. या पद्धतीत किमतीच्या 110 टक्के रकमेचा विमा विक्रेत्याने उतरवायचा असतो. परंतु वेगळे ठरले नसेल, तर सर्वांत मर्यादित, म्हणजे ‘क’ वर्गाच्या अटींचा विमाही नियमास पुरतो. आग, जहाज बुडणे, टक्कर अशा मोठ्या आपत्ती त्यात येतात. चोरी किंवा चढउतारातील मोडतोड येत नाही. कापसाच्या गाठींना कदाचित एवढे चालेल, मूर्तीला चालत नाही. तिच्यासाठी व्यापक संरक्षणाच्या ‘अ’ वर्गाच्या अटी आधीच मागून घ्याव्या लागतात. तरीही अपुऱ्या वेष्टनामुळे झालेले नुकसान त्यातही वगळलेले असते. मूर्तीभोवती पेंढा किती आणि पेटीची फळी किती जाड, हे प्रश्न अशा रीतीने विम्याचेही होतात.

सीआयएफ विक्रीत माल जहाजावर चढताच जोखीम ग्राहकाकडे जाते. तोपर्यंत, म्हणजे चेन्नई बंदरापर्यंतच्या सुमारे 300 किलोमीटरच्या रस्त्यावर, ती कारागिराचीच असते. प्रमाणपत्रावर मार्ग ‘चेन्नई ते सिंगापूर’ असा असेल आणि ट्रक वाटेत उलटला, तर कारागिराचा दावा अडचणीत येतो. मार्गाचा आरंभ कारखान्यापासून लिहिलेला असणे म्हणूनच त्याच्या हिताचे असते.

भारताच्या सागरी विमा अधिनियम, 1963 नुसार हानी होते त्या वेळी दावेदाराचा मालात हितसंबंध असावा लागतो. समुद्रात हानी झाली, तर दावा ग्राहकाला करायचा असतो, पण विमा उतरवलेला असतो कारागिराच्या नावे. यासाठी कारागीर प्रमाणपत्राच्या पाठीवर सही करून ते ग्राहकाच्या स्वाधीन करतो. ही सही राहून गेली, तर ग्राहकाच्या हाती छापील कागद असूनही दाव्याचा मार्ग बिकट होतो.

माल पोचल्यावर पेटी फुटलेली दिसली, तर प्रमाणपत्रावर दिलेल्या स्थानिक प्रतिनिधीस लगेच कळवून सर्वेक्षकाकडून पाहणी करून घ्यावी लागते. वाहतूकदाराच्या पावतीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे निमूटपणे लिहून देणे दाव्याला बाधक ठरते. पाहणी होईपर्यंत मोडकी पेटी आणि तिच्यातील पेंढाही टाकून देऊ नये.