पडदा भिजू नये म्हणून

जिंतूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि येलदरीचे धरण तालुक्यातच आहे. तरीही खारे पाणी गोडे करण्याची विद्या इथे परकी नाही. बोअरच्या जड पाण्यावर आरओ चालवले की शुद्ध पाणी जारमध्ये जाते आणि अधिक क्षारांचे रिजेक्ट पाणी गटारात. त्या रिजेक्टमधूनही गोडे पाणी काढू शकेल असे यंत्र म्हणजे पडद्याचे ऊर्ध्वपातन. कल्पना 1960च्या दशकातली आहे, पण यंत्र अजून सर्रास वापरात नाही. याचा दोष बहुधा पडद्याला दिला जातो. माझ्या मते खरा प्रश्न पडद्यापर्यंत येणाऱ्या पाण्याचा आहे.

यंत्राची रचना साधी आहे. एका बाजूला साधारण 60 ते 80 अंशांचे खारे पाणी, दुसऱ्या बाजूला थंडावा, मध्ये टेफ्लॉनसारख्या पाणी न धरणाऱ्या द्रव्याचा पडदा. त्याची छिद्रे मायक्रॉनच्या काही दशांशांएवढी असतात. त्यांतून वाफ जाते, पाणी जात नाही. क्षार मागेच राहतात. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असल्याने ते छिद्रात शिरत नाही. साबण किंवा तेलकट सेंद्रिय द्रव्ये मिसळली की हा ताण निम्म्यावर येऊ शकतो आणि पडदा भिजतो. मग खारे पाणी थेट पलीकडे जाते. थर बसणे हा वेगळा विकार: कॅल्शियम कार्बोनेट आणि जिप्सम गरम पाण्यात कमी विरघळतात, म्हणून क्षार नेमके गरम बाजूला साचतात. थराने पाण्याचे प्रमाण घटते, भिजण्याने त्याची शुद्धता जाते. पण दोन्हींचे नातेही आहे. छिद्रात वाढणारे स्फटिक पाण्याला आत वाट करून देतात.

यावर कोणी म्हणेल, पडदाच सुधारा. तेलालाही न जुमानणारे आणि पाण्याकडच्या बाजूस जलस्नेही थर दिलेले पडदे प्रयोगशाळांत तयार झाले आहेत. त्यांचा उपयोग नाकारता येत नाही, पण कोणताही पडदा पाण्यातला कॅल्शियम काढून टाकत नाही. पाणी आधीच सुधारण्याचे काम गाळणी, मृदुकरण आणि आम्लाची नेमकी मात्रा यांचेच आहे. क्षाररोधक द्रव्येही जपून निवडावी लागतात. पृष्ठताण उतरवणारे द्रव्य एक रोग बरा करताना दुसरा लावून देते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढी पूर्वतयारी करायची तर आरओच का नको? समुद्राच्या पाण्यासाठी हा आक्षेप रास्त आहे. आरओला हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज पुरते. तेवढेच पाणी वाफेत न्यायला, उष्णता परत मिळवली नाही तर, सुमारे साडेसहाशे युनिट उष्णता लागते. मुंबई महापालिकेने समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या मनोरी प्रकल्पासाठी आरओच निवडले. कल्पाक्कमच्या अणुऊर्जा संकुलातही पडद्याविना चालणाऱ्या ऊर्ध्वपातनाला आरओची जोड दिली गेली. पण क्षार वाढले की आरओला ज्यावर मात करावी लागते तो परासरण दाब वाढतो आणि त्याचे पंप थकतात. वाफेला तो अडसर जवळजवळ नाही. म्हणून जिथे वाया जाणारी उष्णता किंवा कडक ऊन आहे आणि रिजेक्टची विल्हेवाट लावायची आहे, तिथेच हे यंत्र परवडेल. आणि अशा घट्ट पाण्यात थर सर्वांत लवकर बसतो. तेव्हा यंत्र घेणाऱ्याने पडद्याच्या हमीपत्राआधी कॅल्शियम, बायकार्बोनेट, सल्फेट आणि सिलिका दाखवणारा पाणी तपासणीचा अहवाल मागावा, आणि पूर्वशुद्धीचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.