ट्रकच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील दोषांचे निदान

चालकाच्या नोंदवहीत ‘गिअर बरोबर पडत नाही’ एवढे चार शब्द लिहिलेले असतात आणि त्यांवरून कार्यशाळेला गाडीच्या एका अत्यंत महागड्या भागाविषयी निर्णय घ्यावयाचा असतो. हाताने गिअर टाकावयाच्या गाडीत एवढ्या नोंदीवरही निभावून जाते, कारण तेथे संशयिताची स्थाने मोजकीच असतात. अग्निशामक बंब, कचरा वाहून नेणाऱ्या मोठ्या गाड्या, खाणीवरील डंपर यांतील स्वयंचलित गिअरबॉक्सची गोष्ट निराळी आहे. तेथे हीच तक्रार ऑईलच्या पातळीपासून बॅटरीच्या अर्थिंगपर्यंत कशानेही उद्भवू शकते. म्हणून गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी काय काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभ ऑईलपासून करावा, हे सांगणे अनेकांस प्राथमिक वाटेल. परंतु चुका येथेच अधिक होतात. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून, इंजिन मंद चालू ठेवून व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ऑईल पाहावयाचे असते, आणि तेही गरम झाल्यावर. थंड असताना घेतलेले माप गाडी चालू करण्यास हरकत नाही एवढेच सांगते. तापल्यावर ऑईल फुगते. ऑईल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि चढावर किंवा वळणावर क्लच घसरू लागतो. ते अधिक झाल्यास फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो व पुन्हा तोच परिणाम दिसतो. एकाच लक्षणाची दोन विरुद्ध कारणे असल्याने केवळ अंदाजाने ऑईल ओतणे घातक ठरते. ऑईलला जळका वास असल्यास क्लचच्या चकत्या भाजल्या आहेत असे समजावे. ते दुधाळ झाले असेल तर कूलरमधून रेडिएटरचे पाणी मिसळले असण्याचा संभव अधिक. त्या पाण्यातील ग्लायकॉल चकत्यांवरील अस्तर सोडविते. मग केवळ ऑईल बदलून भागत नाही, गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

यानंतर विद्युतप्रवाह. एका टिपरचा गिअरबॉक्स चकत्या झिजल्याच्या संशयाने खोलण्यात आला होता, ते प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. चकत्या उत्तम स्थितीत निघाल्या. गाडी पुन्हा जोडल्यावरही झटका कायम राहिला आणि अखेर चासीवरील अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासून घट्ट करताच तो गेला. दोन आठवडे गाडी उभी होती, ती एका बोल्टसाठी. आपल्या किनारपट्टीवरील खारट हवेत हा प्रकार अपवादात्मक मानू नये. बॅटरीचा दाब केवळ गाडी उभी असताना मोजून उपयोग नाही. स्टार्टर फिरत असताना तो किती खाली येतो हे पाहावे. इंजिन व गिअरबॉक्स यांची नियंत्रक पेटी ज्या दोन तारांच्या जाळ्यातून परस्परांशी बोलते, त्या जाळ्याच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी तोडून त्या दोन तारांमध्ये मोजल्यास ६० ओहम मिळावयास हवेत. १२० आले तर एक रोधक वा तार तुटली आहे. शून्याच्या जवळ आले तर तारा परस्परांस चिकटल्या आहेत.

नियंत्रक पेटीत साठलेले दोषसंकेत पुसून ‘पुन्हा येतात का पाहू’ म्हणण्याची सवय मात्र सोडावी. ते प्रथम लिहून घ्यावेत, सध्या चालू असलेले व पूर्वीचे असे वेगवेगळे. पुसलेला संकेत हा पुसलेला पुरावाच असतो.

एवढ्यावर दोष न सापडल्यास खरी बुद्धी लागते ती गिअरांची तुलना करण्यात. एलिसन या अमेरिकन उत्पादकाच्या ३००० मालिकेतील सहा गतींचा गिअरबॉक्स उदाहरणादाखल घेऊ. त्यात पाच क्लच असतात आणि प्रत्येक गिअरात त्यांपैकी दोनच लागतात. पहिल्यात सी-१ व सी-५, दुसऱ्यात सी-१ व सी-४, तिसऱ्यात सी-१ व सी-३, चौथ्यात सी-१ व सी-२, पाचव्यात सी-२ व सी-३, सहाव्यात सी-२ व सी-४ आणि रिव्हर्समध्ये सी-३ व सी-५. आता पहिल्या चारही गिअरांत गाडी घसरते, पण पाचवा, सहावा व रिव्हर्स ठीक आहेत, असे आढळल्यास सी-१ कडे बोट जाते. चौथ्यापासून वर सर्वत्र बिघाड असेल तर सी-२. दुसरा व सहावा हे दोनच बिघडले असतील तर सी-४. तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स बिघडले तर सी-३. पहिला व रिव्हर्स बिघडले तर सी-५. सर्वच गिअरांत घसरण असेल तर एका क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. ऑईल, फिल्टर, पंप व मुख्य दाब यांकडे वळावे.

या पद्धतीस एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. रिव्हर्समध्ये गुणोत्तर सर्वांत मोठे, सुमारे ५.०३ असते, त्यामुळे दुबळा होऊ लागलेला क्लच इतर गिअरांत दम धरून असला तरी रिव्हर्समध्ये प्रथम उघडा पडतो. तेव्हा केवळ रिव्हर्सची तक्रार असली तरी तिसऱ्या व पहिल्या गिअरात भार देऊन पाहावे.

संशयित क्लच ठरला की दाबमापक लावावा. दाब पुरेसा पोहोचूनही घसरण होत असल्यास चकत्या झिजल्या आहेत. दाबच पोहोचत नसल्यास सोलेनॉइड, झडपांची पेटी किंवा एखादे गळके सील यांचा शोध घ्यावा, आणि यांपैकी पहिली दोन कामे बहुधा गिअरबॉक्स न उतरविता होतात. खर्चातील फरक वेगळा सांगावयास नको.

इंजिनाचा दोषही गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो. चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे ओढ कमी पडली तरी चालक गिअर उशिरा पडतो असेच सांगतो. गाडी निघताना मंद, पण वेग घेतल्यावर ठीक चालत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरमधील स्टेटरचा एकदिशा क्लच घसरत असावा, अशी शंका घ्यावी.

अलीकडच्या अनेक मालवाहू गाड्यांत साधाच क्लच व साधाच गिअरबॉक्स यंत्राकडून हाताळला जातो. त्यांस वरील कोष्टक लागू नाही. तेथे क्लच व गिअर हलविणारे भाग बहुधा दाबलेल्या हवेवर चालतात. पावसाळ्यात हवेच्या टाकीतील पाणी नियमित काढले नाही तर ते झडपांत शिरते आणि गिअर अर्ध्यावर अडतो. अशी गाडी आली की प्रथम टाकीचा ड्रेन उघडावा.

दुरुस्ती झाल्यावर नियंत्रक पेटी क्लचच्या नव्या हालचालीशी हळूहळू जुळवून घेते. त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत गिअर थोडे कठोर पडतील. ही गोष्ट चालकास गाडी ताब्यात देतानाच सांगावी, नाहीतर तेच चार शब्द दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा येतात.