एका सेफ्टी रेझरवरील १९०४ ची तारीख

प्रस्तुत लेखकानें गतवर्षीं रोजच्या दाढीसाठीं प्लॅस्टिकचा, वापरून फेंकावयाचा रेझर सोडून एक जुना गिलेट सेफ्टी रेझर वापरण्यास प्रारंभ केला. विक्रेत्यानें तो "१९०४ चा" म्हणून दिला होता, व त्यावर १५ नोव्हेंबर १९०४ ही तारीख कोरलेलीही आहे. परंतु ही तारीख पेटंट मंजूर झाल्याची असून ती पुढें अनेक वर्षें रेझरांवर उमटत राहिली. पोथीच्या नकलकारानें मूळ प्रतीची पुष्पिका शकासह उतरावी व संग्राहकानें तोच शक नकलेचा मानावा, त्यांतलाच हा प्रकार होय.

धारेस आडोसा देण्याची कल्पना गिलेटची नव्हे. अठराव्या शतकांत पॅरिसच्या झां-झाक पेरे यानें वस्तऱ्यास लांकडी आवरण बसविलें होतें. १८८० सालीं न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनीं सेफ्टी रेझरचें पेटंट घेतलें. मात्र त्यांच्या पात्यास वरचेवर धार लावावी लागे. किंग कँप गिलेट यानें धार बोथट होतांच टाकून देण्याजोगें पातळ, दुधारी पातें योजिलें. इतक्या पातळ पोलादास पाणी देण्याची अडचण विल्यम निकर्सन या यंत्रज्ञानें सोडविली. पेटंटचा अर्ज ३ डिसेंबर १९०१ चा आहे. १९०३ सालीं अवघे ५१ रेझर विकले गेले. १९०४ सालीं ९०,८८४.

हे आंकडे कालनिर्णयास उपयोगी पडतात. आमच्या रेझरवरील अनुक्रमांक चार लाखांच्या पुढचा आहे. अर्थात् तो १९०४ चा असणें संभवत नाहीं.

वापराविषयीं थोडें. टोपण, दातेरी तळपट्टी व मूठ असे याचे तीन भाग. मूठ पिळली कीं पातें टोपणाखालीं वांकतें आणि त्या बांकामुळेंच त्यास ताठपणा येतो. ऊन पाण्यानें दाढी भिजवून साबणाचा दाट फेंस करावा, पातें त्वचेशीं सुमारें तीस अंशांत धरावें व केंसांच्या कलानें ओढावें. दाब मुळींच देऊं नये. पितळी डोक्याचें वजन पुरतें. पहिल्या आठवड्यांत आमची हनुवटी दोनदां कापली, ती जुन्या संवयीनें दाब दिल्यामुळें.

हल्लींचीं पातीं यांत बसतात. मूळ पात्यास तीन वाटोळीं भोकें असत. १९३० च्या सुमारास लांब खांचेचें पातें आलें, पण तीं खांच जुन्या टोपणाच्या तिन्ही खुंटांवर बसते. उलट भोकांचें पातें खांचेसाठीं घडविलेल्या नव्या टोपणावर बसत नाहीं. आमच्या रेझरच्या डबींत एक गंजलेलें खांचेचें पातें निघालें. यावरून रेझरचा काळ पुढें ओढण्याचें कारण नाहीं. १९३० च्या आसपास किंवा त्यानंतर कोणीतरी त्यानें दाढी करीत होतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.