प्रत्येक लाल डोळा ‘आलेला’ नसतो

पावसाळा सुरू झाला की सावेडीतील शाळांमध्ये गणवेशावर काळे चष्मे दिसू लागतात. पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड, भिस्तबाग चौक या परिसरातील एखाद्या वर्गात एका मुलाचे डोळे येतात आणि आठवडाभरात अर्ध्या वर्गाला लागण झालेली असते. मग घरोघरी एकच पद्धत सुरू होते. औषधाच्या दुकानात जायचे, ‘डोळे आलेत, एक ड्रॉप द्या’ म्हणायचे आणि तीच बाटली घरातल्या सगळ्यांनी वापरायची. बहुतेकांचे डोळे बरे होतात आणि श्रेय त्या बाटलीला जाते. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे डोळे बाटलीविनाही बरे झाले असते. मात्र त्या गर्दीत एखादा डोळा असा असतो की, त्याच बाटलीमुळे त्याची दृष्टी जाऊ शकते.

साथ कशाची असते?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतल्या बाजूला एक पातळ आवरण असते. त्याला सूज आली की आपण ‘डोळे आले’ म्हणतो. साथीत हे बहुधा विषाणूंमुळे होते. त्यात अ‍ॅडिनो विषाणू आणि एन्टेरो गटातील विषाणू प्रमुख आहेत. डोळ्यातून पाणी वाहते, खुपते, पापण्या सुजतात, कधी कानापुढे गाठ येते. जिवाणूंचा संसर्ग असेल तर घट्ट, पिवळसर चिपडे येतात आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. केवळ खाज सुटत असेल आणि ती दरवर्षी ठरावीक दिवसांत येत असेल, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी असते. ती एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्राने अशी मोठी साथ पाहिली. आळंदीतील मुलांमध्ये ती प्रथम ठळकपणे लक्षात आली आणि बघता बघता राज्यातील रुग्णांची नोंद लाखांत गेली. एकत्र राहणारी मुले, एकच टॉवेल, एकच बादली आणि सतत डोळ्याकडे जाणारा हात एवढे विषाणूला पुरेसे असते. आजाऱ्याच्या डोळ्यात पाहिल्याने लागण होत नाही. त्यामुळे काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही.

१९७१ ची मुंबई

‘डोळेच तर आलेत’ असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचा एक जुना अनुभव लक्षात ठेवावा. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात डोळ्यांत रक्त उतरवणारी एक नवी साथ सुरू झाली. माणूस चंद्रावर उतरला ते हेच वर्ष, म्हणून तिथल्या लोकांनी तिला ‘अपोलो ११’ हे नाव दिले. १९७१ मध्ये ती भारतात पोहोचली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या त्या दिवसांत बंगालमध्ये तिचे नाव ‘जय बांगला’ पडले आणि ते आजही वापरात आहे.

मुंबईत साथ ओसरत असताना जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. डोळे येऊन गेल्यानंतर काही दिवसांनी मोजक्या रुग्णांचे पाय लुळे पडत होते. हे चित्र पोलिओसारखे होते, पण रुग्ण प्रौढ होते. हे निरीक्षण १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साथीमागचा विषाणू, एन्टेरोव्हायरस ७०, हा पोलिओच्याच कुळातला होता. असा पक्षाघात फार विरळा, आणि आजच्या साथींमध्ये त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. तरीही डोळ्याच्या साथीची नोंद आरोग्य यंत्रणा का ठेवते, याचे उत्तर या अनुभवात आहे.

उसाच्या पाचटाचा ओरखडा

अहिल्यानगर जिल्ह्यात साथीपेक्षा मोठा धोका शेतात असतो. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे हा उसाचा पट्टा आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. तोडणी करताना पाचटाची धार डोळ्याला लागते, मळणीच्या वेळी ज्वारी-बाजरीचे कुसळ उडते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला बारीकसा ओरखडा जातो आणि पानावरची बुरशी किंवा मातीतले जिवाणू त्यात शिरतात. दोन-चार दिवसांत तिथे व्रण होतो. तो वेळीच आटोक्यात आला नाही, तर बरा झाल्यावरही पांढरा डाग राहतो, म्हणजेच डोळ्यात फूल पडते. काही वेळा पडदा फाटून डोळाच जातो.

हा डोळाही लालच दिसतो आणि इथेच फसगत होते. दुकानातून सहज मिळणाऱ्या काही थेंबांमध्ये स्टिरॉइड असते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव बाटलीवरच्या बारीक अक्षरांत सापडते. स्टिरॉइडने लाली एका दिवसात उतरते आणि रुग्ण कामावर परततो. पण त्याच वेळी डोळ्याची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी किंवा नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू मोकाट सुटतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे थेंब बरेच दिवस वापरले, तर काचबिंदू आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. काही नेत्रविकारांत ते दृष्टी वाचवते. पण ते कधी द्यायचे, हे डोळा यंत्राखाली तपासल्याशिवाय ठरवता येत नाही.

या व्रणाला वेळेत अडवता येते, याचा उत्तम पुरावा नेपाळमधील भक्तपूरचा आहे. तिथे सुमारे ३५ हजार लोकवस्तीत दोन वर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. बुबुळावर ओरखडा गेलेल्या ४४२ जणांना प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्का मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना तो झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना झाला. औषध सगळ्यांना एकच आणि स्वस्त होते, फरक फक्त वेळेचा होता. म्हणून पाचट लागल्यावर ‘उद्या बघू’ म्हणू नये, त्याच दिवशी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

जंतुनाशक: कुठे आणि किती?

डोळ्यासाठी जंतुनाशकाचा वापर जुना आहे. १८८० च्या सुमारास जर्मनीतील लाइपझिग येथे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा एकेक थेंब घालायला सुरुवात केली. आईच्या जननमार्गातील परम्याचे जंतू बाळाच्या डोळ्यात जाऊन अंधत्व येत असे. त्यांच्या प्रसूतिगृहात शंभरातल्या सुमारे दहा बाळांना हा संसर्ग होत होता, ते प्रमाण एकाच्याही खाली आले. तेव्हा प्रतिजैविकांचा शोधही लागला नव्हता.

सिल्व्हर नायट्रेट डोळ्याला झोंबत असे. १९९५ मध्ये केनियात तीन हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या अभ्यासात २.५ टक्के पोव्हिडोन आयोडीन त्याहून सरस ठरले. हेच आयोडीन आज मोतीबिंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी ५ टक्के तीव्रतेत डोळ्यात घातले जाते आणि काही मिनिटे ठेवून धुतले जाते. जिवाणू, बुरशी आणि अनेक विषाणू ते मारते. प्रतिजैविकांना जंतू सरावतात तसे या औषधाला सहसा सरावत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा संसर्ग कमी करण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पण यावरून घरातली जखमेवर लावायची तपकिरी बाटली डोळ्यासाठी उचलू नये. ती साधारण १० टक्क्यांची असते. हात धुण्यासाठीच्या आयोडीनमध्ये तर साबणासारखे घटक असतात आणि ते बुबुळाचा पडदा जाळतात. डेटॉल, फिनाइल, सॅनिटायझर यांचा थेंबही डोळ्यात जाता कामा नये. चुकून गेला तर तिथल्या तिथे पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि मग दवाखान्यात जावे. गुलाबपाणी, मध, एरंडेल, आईचे दूध, कोथिंबिरीचा रस यांपैकी काहीही निर्जंतुक नसते. बोरिक पावडरीच्या पाण्याने विषाणू मरत नाही. कुसळ जिभेने किंवा पदराच्या टोकाने काढण्याची पद्धत तर जखमेत जंतू पेरण्यासारखीच आहे. विषाणूच्या साथीत प्रतिजैविक थेंबांचाही उपयोग नसतो. तिथे थंड पाण्याच्या घड्या, स्वच्छता आणि आठवडा-दोन आठवड्यांचा धीर एवढेच औषध असते.

पाणी हेही औषधच

खुपऱ्या हा पूर्वी भारतात अंधत्वाचे मोठे कारण असलेला आजार. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यात शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांच्याबरोबरीने चेहरा धुण्याची सवय, शौचालये आणि पाणीपुरवठा यांचा वाटा होता. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांत मुलांचे तोंड धुण्यापुरते पाणी राखून ठेवणे, ही डोळ्यांचीच काळजी आहे.

घरात एवढे पाळावे

- साबणाने हात धुवावेत. या विषाणूंवर सॅनिटायझर साबणाइतका भरवशाचा नाही.
- रुग्णाचा टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळा ठेवावा आणि रोज धुवावा.
- डोळ्याचे औषध एकाचे दुसऱ्याला वापरू नये. बाटली फोडल्यावर महिनाभराने फेकून द्यावी.
- पाणी वाहणे थांबेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये.
- कॉन्टॅक्ट लेन्स लगेच काढावी. ती नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये.
- तोडणी आणि मळणी करताना साधा प्लॅस्टिकचा चष्मा लावावा.

नजर अंधूक होणे, डोळा जोरात दुखणे, उजेड अजिबात सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, डोळ्याला मार किंवा ओरखडा लागलेला असणे, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर ते नुसते ‘डोळे येणे’ समजू नये. नवजात बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी दुकानात न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण डोळा वाचेल.