पराभवाला टाळ्या आणि ड्राफ्टचे गणित

२६ मार्च २०१५ ची रात्र. अमेरिकेतील बफेलो शहरात आइस हॉकीचा सामना ३-३ अशा बरोबरीत होता. जादा वेळेत पाहुण्या ॲरिझोना कायोटीज संघाने निर्णायक गोल केला आणि प्रेक्षागारात आनंदाचे चीत्कार उमटले. टाळ्या वाजवणाऱ्यांत यजमान बफेलो सेबर्सचेच अनेक चाहते होते. आपल्या संघाच्या पराभवाचा असा जाहीर आनंद पाहून सेबर्सच्या खेळाडूंनी नंतर उघड नाराजी व्यक्त केली. मात्र त्या चाहत्यांचे गणित ठरलेले होते. त्यांना त्या रात्रीचा विजय नको होता, कॉनर मॅकडेव्हिड हवा होता.

अठरा वर्षांचा मॅकडेव्हिड त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सर्वात आधी निवडला जाणार, याविषयी कोणालाही शंका नव्हती. तळाच्या संघाला त्याला मिळवण्याची संधी सर्वाधिक होती आणि त्या हंगामात तळाच्या दोन जागा बफेलो आणि ॲरिझोना यांच्याच होत्या. पराभव हीच गुंतवणूक ठरावी, अशी ही व्यवस्था आहे तरी कशी?

लिलाव नव्हे, पाळी

आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजेच एनएचएलमध्ये, नवोदित खेळाडूंवर बोली लावता येत नाही. तेथे प्रत्येक संघ आपल्या पाळीने एकेका तरुणाची निवड करतो. १९६३ मध्ये माँट्रिएल येथे सुरू झालेल्या या पद्धतीत आता ३२ संघ आणि सात फेऱ्या आहेत. म्हणजे एकूण २२४ निवडी. दुबळ्या संघाला आधी पाळी मिळावी आणि काही वर्षांत स्पर्धेतील समतोल साधला जावा, हा त्यामागील हेतू.

अर्थात, दुबळेपणाला बक्षीस मिळू लागले की दुबळे राहण्याचा मोहही होतो. त्यावर उपाय म्हणून १९९५ पासून सोडत काढली जाते. चौदा क्रमांकित चेंडूंतून चार चेंडू काढले जातात आणि त्यांच्या जुळणीवरून विजेता संघ ठरतो. २०२२ च्या ड्राफ्टपासून लागू झालेल्या नियमांत तळाच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता २५.५ टक्के ठेवण्यात आली. सोडत जिंकणाऱ्या संघाला दहापेक्षा अधिक स्थाने वर सरकता येणार नाही आणि पाच वर्षांत दोनपेक्षा अधिक वेळा सोडतीचा लाभ घेता येणार नाही, अशी बंधनेही आली. थोडक्यात, तळाला जाऊनही चारपैकी तीन वेळा पहिला क्रमांक हुकणार.

बफेलोच्या बाबतीत नेमके तेच घडले. २०१५ मध्ये संघ अखेरच्या स्थानी राहिला. पण सोडत लागली ती एडमंटन ऑयलर्सला. मॅकडेव्हिड तिकडे गेला आणि बफेलोने दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकलला घेतले.

चाहत्याने आराखडा आखावा कसा?

जून महिना जवळ आला की तळाच्या संघांचे चाहते आगामी ड्राफ्टचे आराखडे मांडू लागतात. आजवरच्या निकालांवरून अशा आराखड्यासाठी काही सूत्रे निश्चित काढता येतात.

पहिले सूत्र म्हणजे पहिल्या काही निवडींत संघाची गरज न पाहता गुणवत्ता पाहावी. निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा मुख्य संघात स्थिरावण्यास बहुधा काही वर्षे लागतात. आज संघाला बचावपटूची उणीव भासत असली, तरी तो मुलगा तयार होईपर्यंत तीच उणीव राहील, याची शाश्वती नसते. गोलरक्षकांना तर आणखी वेळ द्यावा लागतो.

दुसरे सूत्र असे, की खालच्या फेऱ्यांना कमी लेखू नये. डेट्रॉइट रेड विंग्जने १९९८ मध्ये पावेल दात्सुकला १७१ व्या, तर १९९९ मध्ये हेन्रिक झेटरबर्गला २१० व्या क्रमांकावर घेतले. २००८ च्या स्टॅनली चषक विजयात हे दोघे संघाचे आधारस्तंभ होते. २०२० आणि २०२१ असा लागोपाठ दोनदा चषक जिंकणाऱ्या टॅम्पा बे लाइटनिंगने निकिता कुचेरोव्हला ५८ व्या आणि ब्रेडन पॉइंटला ७९ व्या क्रमांकावर निवडले होते. याउलट, २०१२ मध्ये एडमंटनने सर्वप्रथम निवडलेला नेल याकुपोव्ह २०१८ नंतर एनएचएलमध्ये खेळला नाही.

तिसरे सूत्र निवडीच्या हक्काविषयीचे. हा हक्क म्हणजे चलनच. पण ते उधळू नये. टोरांटो मेपल लीफ्सने २००९ मध्ये फिल केसलसाठी पुढील दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी बोस्टन ब्रुइन्सला दिल्या. टोरांटोची कामगिरी घसरली आणि त्या निवडी अनुक्रमे दुसऱ्या आणि नवव्या क्रमांकाच्या ठरल्या. दुसऱ्या क्रमांकावर बोस्टनने टायलर सेगिनला घेतले आणि २०११ मध्ये चषकही जिंकला. त्यामुळे निवड देताना ती पहिल्या काही क्रमांकांत आल्यास आपल्याकडेच राहील, अशी अट घालणे शहाणपणाचे ठरते.

पेरणी आणि राखण

चौथे सूत्र मात्र चाहत्यांच्या आराखड्यात क्वचितच आढळते. निवडलेला खेळाडू सांभाळायचा कसा, हा तो प्रश्न. बफेलोची खरी शोकांतिका सोडतीत नाही, येथे आहे.

आयकलच्या मानेवरील शस्त्रक्रियेची पद्धत कोणती असावी, यावरून खेळाडू आणि संघ यांच्यात मतभेद झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो व्हेगास गोल्डन नाइट्सकडे गेला. २०२३ मध्ये व्हेगासने चषक जिंकला तेव्हा बाद फेरीत सर्वाधिक गुण आयकलच्या नावावर होते. २०१४ मध्ये बफेलोने दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला सॅम राइनहार्ट २०२१ मध्ये फ्लोरिडा पँथर्सकडे गेला. २०२४ च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात निर्णायक गोल त्याचाच होता. २०२५ मध्येही चषक फ्लोरिडाकडेच राहिला. बफेलोने २०१८ मध्ये सोडलेला रायन ओ'रायली पुढच्याच वर्षी सेंट लुइस ब्लूजच्या विजयात बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या अदलाबदलींतून बफेलोच्या हाती काहीच आले नाही, असे नाही. ओ'रायलीच्या बदल्यात आलेल्या टेज थॉम्पसनने २०२२-२३ च्या हंगामात ४७ गोल केले. दरम्यान, २०१८ मध्ये रॅस्मस डाहलिन आणि २०२१ मध्ये ओवेन पॉवर अशा दोन पहिल्या क्रमांकाच्या निवडीही बफेलोला लाभल्या. असे असूनही २०११-१२ ते २०२४-२५ असे सलग १४ हंगाम हा संघ बाद फेरीपर्यंत पोहोचू शकला नाही. एनएचएलच्या इतिहासात एवढा दीर्घ दुष्काळ अन्य कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही.

ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला, त्या मॅकडेव्हिडचे काय? तो त्याच्या पिढीतील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक ठरला. परंतु २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे अंतिम फेरी गाठूनही एडमंटनला चषक जिंकता आला नाही. दोन्ही वेळा आड आला तो फ्लोरिडाचा संघ, ज्यात बफेलोचा राइनहार्ट होता.

पराभवातून पाळी मिळते, संघ मिळत नाही. ड्राफ्ट ही पेरणी आहे. राखण, पाणी आणि धीर यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. येत्या जूनसाठी आपल्या संघाचा आराखडा मांडणाऱ्या चाहत्याने निवडायच्या नावांची यादी जरूर करावी. मात्र त्या यादीखाली एक प्रश्न लिहून ठेवणे आवश्यक आहे: हा मुलगा पंचविशीत पोहोचेल, तेव्हा त्याला याच संघात राहावेसे वाटेल का?