काचेच्या टाकीतलं लोणार

पुण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: घरी प्रवाळांसाठी खाऱ्या पाण्याची टाकी लावतोय, दोनशे लिटरची. मीठ चांगलं, खास रीफ टँकसाठीचं आणलंय. ते नळाच्या पाण्यात मिसळलं तर चालेल ना? तेच पाणी आम्ही पितो, मग प्रवाळांना काय होणार? आणि चालत नसेल तर स्वयंपाकघरात आरओ आहेच, त्याचं घेऊ का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नकाराचं आहे. कारणं मात्र वेगळी आहेत, आणि पहिल्याचा माग काढत गेलं की धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीपाशी पोचायला होतं.

टाकी एकदा भरली म्हणजे काम झालं, असं होत नाही. दिव्यांची उष्णता, पंपांची घुसळण, वर लावलेला छोटा पंखा, यांमुळे दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ खालीच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हा छंद असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. त्या गोड्या पाण्यात विरघळून आलेलं बाकी सगळंही खालीच राहतं, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

लोणारचं सरोवर असंच घडलं. धारेचं गोडं पाणी तिथे बारमाही पडतं, पावसाळ्यात विवराच्या कडांवरून ओहोळ उतरतात आणि बाहेर वाहून जायला वाट एकही नाही. पाणी येतं, उन्हाने उडतं. बेसॉल्टमधून विरघळून आलेले क्षार मात्र साठत जातात. तोंडात घेतलं तर धारेचं पाणी गोड लागतं. त्याच पाण्यावर पोसलेल्या सरोवराचा सामू मात्र दहाच्या आसपास.

हॅलीने १७१५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात नेमका हाच विचार मांडला. कॅस्पियन, मृत समुद्र, मेक्सिकोचं सरोवर, टिटिकाका: ज्यांतून समुद्रापर्यंत एकही नदी जात नाही, अशी ही तळी. नद्या जिभेला कळणारही नाही इतकं मीठ आणतात, वाफ मात्र गोडी होऊन निघून जाते. मग समुद्र हेही असंच एक मोठं तळं म्हणायचं! त्याचा खारटपणा आज मोजावा, काही शतकांनी पुन्हा मोजावा, आणि वाढीच्या वेगावरून जगाचं वय काढावं, अशी त्याची सूचना होती. प्राचीन ग्रीकांनी आणि रोमनांनी असं मोजमाप लिहून ठेवलं नाही, याची त्याला मनापासून हळहळ वाटली होती. शतकांच्या अंतराने करायच्या प्रयोगाची अशी निर्धास्त आखणी करणारा माणूस मला फार आवडतो. धूमकेतूच्या प्रसिद्धीत त्याचा हा निबंध झाकून गेला, याचं वाईटही वाटतं.

आता हॅलीचं गणित टाकीला लावू. रोज तीन लिटर म्हणजे वर्षाला जवळपास अकराशे लिटर. टाकीच्या साडेपाच पट. नळाच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट असेल (पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ४५ पर्यंत मुभा देतं), तर वर्षभरात नुसत्या भरीतून टाकीत लिटरमागे ५५ मिलिग्रॅमची वाढ. ‘पण मी दर महिन्याला वीस लिटर पाणी बदलतो की!’ बदला. महिन्याला नव्वद लिटर भर आणि वीस लिटर नवं पाणी आत येतं, बाहेर जातं वीसच लिटर. मग पातळी स्थिरावते ती नळाच्या साडेपाच पटीवर. त्याखाली ती येत नाही.

तांब्याचं काय होतं पाहा. त्याच मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. माणसाला ती अगदी सुरक्षित. साडेपाच पट केली की पाव मिलिग्रॅमच्या वर जाते. माशांवरचे परजीवी मारायला मत्स्यछंदी तांब्याचं औषध वापरतात, त्याची मात्रा साधारण एवढीच असते. ते घालण्याआधी मासे वेगळ्या टाकीत हलवतात, कारण त्या मात्रेत मासा तगतो. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ तगत नाहीत. खुल्या समुद्रात तांबं असतं लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या काही दशांशांएवढं, म्हणजे हजार पटींनी कमी. पितळी नळात रात्रभर थांबलेलं पाणी सकाळी पहिल्यांदा येतं, तेव्हा त्यात तांबं जास्त असू शकतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. हॅलीच्या मार्गाने जाऊन आयर्लंडच्या जॉन जॉलीने १८९९ साली समुद्रातल्या सोडियमवरून पृथ्वीचं वय आठ-नऊ कोटी वर्षं काढलं. ते साफ चुकलं, कारण मीठ समुद्रात येतं तसं निरनिराळ्या वाटांनी बाहेरही जातं. टाकीतही तसंच आहे. तांब्याचा काही भाग दगडांना चिकटतो, नायट्रेट जिवाणू खातात, शेवाळ फॉस्फेट ओढून घेतं. म्हणून नळाच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या टाक्या दिसतात, आणि त्यांचे मालक खोटं बोलत नसतात. मुंबईचं तलावांचं पाणी मुळात हलकं. तिथे हे निभून जाण्याची शक्यता जास्त. मराठवाड्यातल्या बोअरवर ते निभणार नाही. बेसॉल्टमधल्या भूजलात सिलिकाही भरपूर असते. ती टाकीत गेली की डायाटम ही सूक्ष्म शैवालं माजतात आणि काचेवर, वाळूवर तपकिरी साय धरते. शिवाय नळाचं पाणी बारा महिने सारखं नसतं. पावसाळ्यात धरणात गढूळपणा वाढला की तुरटी आणि क्लोरीन दोन्हींची मात्रा वाढवावी लागते. माणसांसाठी ते योग्यच आहे, पण टाकीवाल्याला आपण काय ओततोय हे कळायला मार्ग उरत नाही.

थेट समुद्राचं पाणी आणावं म्हणाल, तर आपल्या शहरांजवळचा किनारा त्या लायक राहिलेला नाही, आणि पावसाळ्यात तिथली क्षारताही घसरते. मालवणच्या समुद्रातून प्रवाळ काढून आणण्याचा विचार तर मनातही आणू नका. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाएवढं, संरक्षण आहे.

आता आरओ. पाणी दाबाने पापुद्र्यातून ढकलायचं आणि मीठ मागे ठेवायचं, ही कल्पना १९५०च्या दशकात फ्लोरिडात चार्ल्स रीड यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यावर खरी करून दाखवली होती. पण पाणी निघे अगदी थेंब थेंब. ते वाहतं केलं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी, १९६०च्या सुमारास. पापुद्रा एका बाजूने लावला तर मीठ अडे, उलटा लावला तर अडत नसे. त्यावरून उमगलं की काम करते ती एका अंगावरची अतिशय पातळ, घट्ट साल. बाकीची जाडी नुसता सच्छिद्र आधार. साल जितकी पातळ, तितका प्रवाह जास्त. १९६५ साली कोअलिंगा या कॅलिफोर्नियातल्या गावाला या पापुद्र्यांमधून पिण्याचं पाणी मिळू लागलं. सौरीराजन भारतातून गेलेले, पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत रमले. आज आपल्याकडे घराघरात आरओ आहे आणि त्यांचं नाव मात्र फारसं कानावर येत नाही, हे मला खटकतं.

मग स्वयंपाकघरातला आरओ का नको? कारण तो पिण्यासाठी बनवलेला आहे. बऱ्याच यंत्रांत ‘टीडीएस कंट्रोलर’ असतो. तो पापुद्र्यातून न गेलेलं थोडं पाणी चवीसाठी पुन्हा मिसळतो. पुढे मिनरलचं काडतूस असतं, ते वर आणखी क्षार घालतं. म्हणजे काढलेलं परत आलंच. टाकीसाठी पाणी मेंब्रेननंतर, म्हणजे त्या पापुद्र्यानंतर लगेच, या दोन्हींच्या आधी काढून घ्यावं आणि मग डीआय (आयन काढून टाकणाऱ्या) रेझिनमधून सोडावं. मेंब्रेनमधून निसटलेले शेवटचे काही टक्के आयन ते रेझिन धरतं. मेंब्रेनच्या आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदला, कारण आजच्या पॉलिअमाइड मेंब्रेनला क्लोरीन कुरतडतं.

शुद्ध पाण्याचं एवढं समर्थन केल्यावर त्याच्या नावाने चालणाऱ्या जाहिरातींबद्दलही बोललं पाहिजे. ‘शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट’ ही प्रवाळांच्या आरोग्याची खूण म्हणून विकली जाते. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट अपुरं असं झालं, तर प्रवाळ ऊन आणि उष्णतेने लवकर विरंजित होतात. त्यांच्या पेशींतल्या शैवालांना फॉस्फेट लागतंच. शुद्ध पाणी हवं ते सुरुवात कोरी असावी म्हणून. त्यात काय आणि किती घालायचं हे मग आपल्या हाती राहतं, आणि काही बिघडलं तर नळावर संशय घ्यावा लागत नाही.

टीडीएस मीटरवर शून्य दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. मीटर मोजतो पाण्याची वीजवाहकता, आणि सिलिका जवळजवळ विद्युतभाररहित रूपात असल्याने ती त्याला दिसतच नाही. रेझिन संपत आलं की पकड सुटते ती सर्वांत आधी तिचीच. मीटर शून्यावर असतानाच काचेवर तपकिरी थर परत येऊ लागला, तर रेझिन बदला. एका लिटरमागे मेंब्रेन जे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं, ते बादलीत धरा. फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ते उत्तम चालतं.