शेतकरी, विधानभवन आणि राज्यकारभाराची वाट

नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून ६ मार्च २०१८ रोजी हजारो शेतकरी पायी मुंबईकडे निघाले. अखिल भारतीय किसान सभेने काढलेल्या या मोर्चात सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांची संख्या मोठी होती. सुमारे १८० किलोमीटरांची वाट तुडवून ११ मार्चला ते मुंबईत पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची रस्त्यात अडचण होऊ नये म्हणून शीवपासून आझाद मैदानापर्यंतचे अंतर त्यांनी विश्रांती न घेता रात्रीच कापले. १२ मार्चला त्यांच्या प्रतिनिधींची विधानभवनात मुख्यमंत्री व मंत्र्यांशी चर्चा झाली आणि लेखी आश्वासन घेऊन शेतकरी आपापल्या गावी परतले.

आझाद मैदानापासून विधानभवन फार दूर नाही. तथापि त्या इमारतीत नेमके काय चालते, शेजारच्या मंत्रालयात काय ठरते आणि आपल्या जमिनीचा कागद कोणाच्या सहीसाठी थांबला आहे, हे सामान्य शेतकऱ्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही. शिकल्यासवरल्या माणसांनाही ते नीट ठाऊक असते असे नाही. आज गावोगावचे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि शेतकरी विधानभवन पाहण्यासाठी मुंबईस जातात. ही भेट केवळ सहल न ठरता तिच्यातून राज्यकारभाराची वाट समजावी, या हेतूने काही गोष्टींचा येथे खुलासा केला आहे.

दोन इमारती, दोन कामे

नरिमन पॉइंट येथील विधानभवनाचे उद्घाटन १९ एप्रिल १९८१ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. येथे विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे कामकाज चालते. विधानसभेत लोकांनी थेट निवडून दिलेले २८८ सदस्य असतात. त्यांपैकी १५ नाशिक जिल्ह्याचे. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक. उरलेल्या १२ जागांवर राज्यपाल नेमणूक करतात. म्हणजेच जिल्हा परिषदेच्या सदस्याला आणि माध्यमिक शाळेतील शिक्षकाला या सभागृहात स्वतंत्र मताचा अधिकार घटनेने दिलेला आहे. १९५३ च्या नागपूर करारास अनुसरून वर्षातील एक अधिवेशन नागपूर येथे भरते.

विधानमंडळ कायदा करते, खर्चाला मंजुरी देते आणि शासनाला जाब विचारते. मंत्रालय, म्हणजे पूर्वीचे सचिवालय, त्या कायद्याच्या आधारे धोरण ठरविते व शासन निर्णय काढते. एका घरात प्रश्न विचारला जातो, दुसऱ्या घरातून आदेश निघतो. हा भेद लक्षात आला म्हणजे आपले काम घेऊन कोठे जावे, याचा अर्धा उलगडा होतो.

गॅलरीतून दिसणारे सभागृह

अधिवेशनकाळात प्रवेशपत्र घेऊन प्रेक्षक गॅलरीत बसता येते. तेथे बोलणे, टाळ्या वाजविणे किंवा घोषणा देणे यांस मनाई असते. समोर अध्यक्षांचे आसन, त्यांच्या उजव्या हाताला सत्तारूढ पक्ष व डाव्या हाताला विरोधी पक्ष, अशी रचना दिसते. पुष्कळदा निम्मी बाके रिकामी असतात आणि पाहणाऱ्याचा विरस होतो. परंतु विधानमंडळाचे बरेचसे काम सभागृहाबाहेर समित्यांमध्ये चालते. लोकलेखा समिती झालेल्या खर्चाची छाननी करते. पंचायत राज समिती जिल्ह्यांत फिरून जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार तपासते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे आश्वासन समिती पाहते. आणि नागरिकांची गाऱ्हाणी विनंती अर्ज समितीपुढे येऊ शकतात.

सभागृहात सदस्याच्या हाती अनेक साधने असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधावयाचे असेल तर लक्षवेधी सूचना दिली जाते. आपल्या गावचा प्रश्न सभागृहात यावा असे वाटणाऱ्या शेतकऱ्याने आमदारांकडे नुसती तक्रार न नेता गावाचे नाव, गट नंबर, अर्जाची तारीख व मिळालेले उत्तर अशी टिपणे दिली, तर त्या प्रश्नाला धार येते.

उत्तर कोठे तयार होते?

एखाद्या सदस्याने पेठ तालुक्यातील पाझर तलावाविषयी प्रश्न विचारला, असे समजा. विधानमंडळ सचिवालय तो संबंधित विभागाकडे पाठविते. विभाग जिल्ह्याकडे माहिती मागतो, जिल्हा तालुक्याकडे आणि तालुका गावाकडे. गावातील कर्मचारी जे लिहून देतो, तेच टप्प्याटप्प्याने वर चढते आणि अखेर मंत्र्यांच्या तोंडून सभागृहात वाचले जाते. म्हणजे मुंबईत ऐकू येणाऱ्या उत्तराचे पहिले वाक्य बहुधा गावातच लिहिलेले असते. ते वाक्य चुकीचे असेल, तर सभागृहातील उत्तरही चुकीचे ठरते. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नोंदींना किती मोल आहे, हे यावरून ध्यानात यावे.

वनहक्काचा दावा

आता पुन्हा २०१८ च्या मोर्चाकडे वळू. त्यात कर्जमाफी, हमीभाव आदी मागण्या होत्या. परंतु सुरगाणा-पेठकडील शेतकऱ्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याची मागणी होती ती कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काची. प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे आश्वासन त्या वेळी देण्यात आले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून शेतकरी पुन्हा मुंबईकडे निघाले, तेव्हा वनहक्क ही मागणी त्यांच्या यादीत होतीच. मुंबईत दिलेला शब्द गावात का पोहोचत नाही, हे समजण्यासाठी कायद्याची वाट पाहिली पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये दाव्याचा आरंभ ग्रामसभेत होतो. ग्रामसभा आपल्यातून वनहक्क समिती निवडते. ही समिती दावे स्वीकारते, जागेवर जाऊन पडताळणी करते आणि आपला निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवते. आदिवासी दावेदार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असला पाहिजे आणि हक्काची मर्यादा चार हेक्टर आहे. सरकारी कागदच हवा असे नाही; गावातील वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा म्हणून चालतो. मंजूर हक्क विवाहितांच्या बाबतीत पती व पत्नी या दोघांच्या नावे द्यावयाचा असतो.

ग्रामसभेच्या ठरावानंतर प्रकरण प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे जाते आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे. या दोन्ही समित्यांत पंचायत संस्थांच्या प्रतिनिधींना स्थान आहे. दावा अमान्य झाल्यास त्याची कारणे दावेदाराला लेखी कळविणे बंधनकारक आहे आणि ग्रामसभेच्या किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता. मात्र राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून मे २०२० मध्ये अधिसूचना काढली आणि अनुसूचित क्षेत्रांसाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली अपिलीय समित्यांची तरतूद केली.

या संपूर्ण वाटेवर मंत्रालयातील सहीचा टप्पा नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. शासन मुदत ठरवू शकते, कर्मचारी देऊ शकते, आढावा घेऊ शकते; दावा मात्र गावात उभा राहतो आणि जिल्ह्यात ठरतो. ग्रामसभेचा ठराव अपुरा असेल, स्थळपाहणीचा नकाशा जोडलेला नसेल, अथवा अमान्यतेचे कारण दावेदाराला कळविलेच नसेल, तर राजधानीतील आश्वासन तेथेच अडून बसते. उलट ठराव पक्का असेल, तर मुंबईस दिलेली भेट त्याला बळ देते.

कांद्याची गोणी आणि अनेक दारे

निफाड, चांदवड, येवला या भागांतील शेतकऱ्याचा अनुभव निराळा आहे. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, तो १९६३ च्या राज्य कायद्यानुसार. वजन, आडत, पैशाची वेळेवर अदायगी यांविषयी गाऱ्हाणे असेल, तर ते बाजार समितीकडे व सहकार खात्याच्या निबंधकांकडे न्यावयाचे. परंतु निर्यातीचा विषय घटनेच्या संघ सूचीत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लागू झालेली निर्यातबंदी आणि मे २०२४ मध्ये ती उठविण्याचा निर्णय, हे दोन्ही दिल्लीत झाले. त्यासाठी विधानभवनाच्या दाराशी गेले तर राज्य शासन केंद्राकडे शिफारस करू शकते, निर्णय देऊ शकत नाही.

दर कोसळला असता अनुदान देणे मात्र राज्याच्या हाती असते. २०२३ साली राज्य शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलांच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले. घोषणा मुंबईत झाली. पण लाभ घेताना सातबाऱ्यावरील कांद्याच्या नोंदीचा प्रश्न पुढे आला. ज्यांनी पीकपेरा नोंदविला नव्हता, त्यांना धावपळ करावी लागली. एकाच गोणीचा संबंध असा बाजार समितीशी, मुंबईशी, दिल्लीशी आणि तलाठ्यांशी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांशी, येतो.

जाण्यापूर्वी आणि परतल्यावर

राजधानीस जाणाऱ्या शेतकऱ्यांची तयारी गावातच व्हावयास हवी. आपला विषय ग्रामपंचायतीचा, जिल्ह्याचा, राज्याचा की केंद्राचा, हे आधी ठरवावे. प्रत्येक अर्जाची पोच व आवक क्रमांक जपून ठेवावा. अर्जाचे काय झाले हे कळत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा आणि अधिसूचित सेवांसाठी २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा आधार घ्यावा. परत आल्यावर जे पाहिले ते ग्रामसभेत सांगावे. एकाने पाहिलेले दहा जणांना कळले, तरच प्रवासखर्च सत्कारणी लागतो.

शिक्षकांनी नागरिकशास्त्राचा धडा शिकविताना गावातील एखाद्या खऱ्या अर्जाचा प्रवास फळ्यावर काढून दाखवावा. सरपंचांनी वनहक्काच्या ग्रामसभेस नियमानुसार निम्म्या सभासदांची उपस्थिती आहे ना आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. अधिकाऱ्यांनी नकार देताना त्याचे कारण शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहावे आणि दाद कोठे मागता येईल तेही सांगावे. कारण न कळलेला नकार माणसाला एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरवीत राहतो. कारण कळले तर त्याला पुढची वाट दिसते.

विधानभवन सर्वांचे आहे आणि तेथे जाण्याचा शेतकऱ्याचा अधिकार निर्विवाद आहे. तथापि सुरगाण्याच्या डोंगरातून निघालेल्या माणसाला सातबाऱ्यासाठी १८० किलोमीटर चालावे लागू नये, ही जबाबदारी ग्रामसभेपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत प्रत्येकाची आहे. त्याने मुंबईस यावे ते राज्य कसे चालते हे पाहण्यासाठी. त्याचा कागद मात्र गावातून निघून वेळेवर गावातच परत यावा.